भातसाच्या पाण्यावर कोणतं इंजिन?
शहापूरच्या भातसा जलाशयात जाळी टाकणाऱ्यापुढे होडीसाठी दोन जुनी इंजिनं असली, एक हलकं नि स्वस्त टू-स्ट्रोक, दुसरं जड नि महाग फोर-स्ट्रोक, तर मी दुसरंच घ्या म्हणेन. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि त्या मिश्रणाचा काही भाग न जळताच पाण्यात उतरतो. भातसाचं पाणी मुंबई पिते, मासळीही त्यातलीच. म्हणूनच इंजिन लावण्याआधी पाटबंधारे खात्याला विचारणं आलंच. मात्र फोर-स्ट्रोक आहे म्हणून डोळे झाकून पैसे मोजू नयेत. समुद्रावर चाललेल्या इंजिनात थंडाव्यासाठीच्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजतात. पाण्याच्या पिंपात चालवून बाजूच्या भोकातून धार जोरात येते का ते पाहावं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं की त्यात पाणी शिरलंय, हे नक्की. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं हवं. आणि होडीची मागची फळी घरूनच मोजून न्यावी: 20 इंची फळीला 15 इंची शाफ्टचं इंजिन लावलं तर पंखा पाण्यात पुरता बुडतच नाही. किमतीतला फरक एकट्याला झेपत नसेल, तर तो मच्छीमार संस्थेने उसना द्यावा.