भावना नावाचा गुन्हा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि राजद्रोहाचे कलम इतिहासजमा झाल्याचा निर्वाळा देण्यात आला. हा आनंद 'केसरी'च्या पुण्यात काकणभर अधिक व्हावा, हे स्वाभाविकच. तथापि शब्दांचे वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तरी नवे कलम १५२ वाचल्याखेरीज या आनंदात सामील होऊ नये.

१८७० साली दंड संहितेत घातलेल्या कलम १२४-अ चा सारा डोलारा 'डिसअफेक्शन' या शब्दावर उभा होता. १८९७ मध्ये 'केसरी'तील शिवाजी उत्सवाविषयीच्या लेखनावरून टिळकांवर खटला झाला, तेव्हा न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द घालून कलम आणखी ऐसपैस करण्यात आले. १९०८ च्या खटल्यात टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यात मराठी शब्दांची भाषांतरे कशी चुकली याचा ऊहापोह होता. मराठी लेखकाचा हेतू इंग्रजी भाषांतरावरून ठरला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि सहा वर्षांच्या शिक्षेसाठी टिळक मंडालेला गेले.

आता कलम १५२ पाहू. 'सरकार' जाऊन तेथे देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता आली, आणि कृत्य हेतुपुरस्सर वा जाणूनबुजून केलेले असावे अशी अट आली. हा फरक खरा आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच कलमात 'फुटीर कृत्यांच्या भावनांना' उत्तेजन देणे हाही गुन्हा आहे. कृत्यांची भावना म्हणजे काय? एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात हा शब्दप्रयोग केला, तर आपण त्याखाली लाल रेघ ओढू. 'विध्वंसक कृत्ये' म्हणजे नेमकी कोणती, हेही संहिता सांगत नाही. जन्मठेपेचा पर्याय कायम आहे. दुसऱ्या पर्यायातील तीन वर्षांची कमाल कैद मात्र सात वर्षांची झाली. ज्याला आपण निरोप दिला म्हणतो, तो अधिक सामानासह परतला आहे.

न्यायालये अर्थ संकुचित करतील, असे यावर सांगितले जाते. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच केले होते: हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा. तरीही गुन्हे नोंदले जात राहिले आणि मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला ते कलम स्थगित ठेवावे लागले. कारण उघड आहे. अर्थ न्यायालय शेवटी लावते. पहिला अर्थ पोलीस ठाण्यातला अधिकारी लावतो, आणि अटक त्या पहिल्या अर्थावर होते.

म्हणून हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. रूपक, उपरोध, वक्रोक्ती यांवर जगणाऱ्या लेखनाचा तो प्रश्न आहे. टिळकांचे अग्रलेख शैलीचे नमुने म्हणून वर्गात शिकवायचे आणि ज्या शब्दांनी त्यांना शिक्षा झाली त्यांच्या वारसांविषयी मौन पाळायचे, ही विद्वत्ता नव्हे. 'भावना' हा शब्द या कलमातून गेलाच पाहिजे, ही मागणी मराठीच्या अध्यापकांनी करायची नाही, तर कोणी करायची?