शोधपरवाना रद्द झाला. भरपाई द्यावी काय, आणि किती?

शासनाने एखाद्या कंपनीस भूगर्भातील तेल, वायू अथवा खनिज शोधण्याचा परवाना दिला आणि काही वर्षांनी विधिमंडळाने नवा कायदा करून तोच परवाना काढून घेतला, तर कंपनीला भरपाई मागता येते काय? हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. भरपाईची रक्कम अखेरीस करदात्यांच्या खिशातूनच जाते. शिवाय कोट्यवधींच्या दाव्याचे भय दाखवून सरकारांना लोकहिताचे कायदे करण्यापासून परावृत्तही करता येते. या दृष्टीने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

सेंट लॉरेन्स ही क्वेबेकची जीवनवाहिनी. तिच्या काठच्या प्रदेशात शेल वायू शोधण्यासाठी अनेक कंपन्यांनी परवाने मिळविले होते. खडक फोडून वायू काढण्याच्या पद्धतीमुळे पाणी दूषित होईल, या भीतीने लोकमत प्रक्षुब्ध झाले. नदीच्या खाडीभागाचा पर्यावरणीय अभ्यास झाला, शेल वायूविषयी जाहीर सुनावण्या झाल्या आणि जून २०११ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने कायदा संमत केला. नदीच्या मोठ्या पट्ट्याखालील व त्यातील बेटांवरील शोधपरवाने रद्द झाले. त्यासाठी कोणतीही भरपाई मिळणार नाही, असेही कायद्यातच नमूद करण्यात आले.

लोन पाइन रिसोर्सेस या कंपनीने हे मान्य केले नाही. तिचा कारभार कॅनडातूनच चाले. मात्र तिची नोंदणी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात होती. त्यामुळे उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराचा, म्हणजे ‘नाफ्टा’चा, आधार घेऊन तिला परदेशी गुंतवणूकदार म्हणून आंतरराष्ट्रीय लवादापुढे जाता आले. अगदी तसाच परवाना गमावलेल्या निव्वळ कॅनेडियन कंपनीला ही वाट मोकळी नव्हती. कायदा प्रांताने केला, पण दावा लागला कॅनडाच्या केंद्र सरकारवर, कारण करारावर सही त्याची होती. आरंभी मागणी सुमारे २५ कोटी कॅनेडियन डॉलरची होती. पुढे ती कमी करण्यात आली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लवादाने दावा फेटाळला. नदीचे रक्षण हा कायद्याचा हेतू खरा होता, त्यामागे अभ्यास होता, तसेच तो एका कंपनीला लक्ष्य करून केलेला नव्हता. अशा कायद्याने परवाना गेला म्हणजे मालमत्ता हिरावली गेली, असे होत नाही, हा या निकालाचा गाभा होय.

इटलीतील प्रकरणाला मात्र वेगळे वळण लागले. आब्रुत्सो प्रांताच्या किनाऱ्यासमोर, एड्रियाटिक समुद्रात, ‘ओम्ब्रिना मारे’ हे तेलक्षेत्र २००८ मध्ये सापडले. किनाऱ्यालगत तेलउत्खननास २०१० मध्ये बंदी आली, २०१२ मध्ये ती शिथिल झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये संसदेने बारा सागरी मैलांपर्यंतची बंदी पुन्हा आणली. त्यामुळे रॉकहॉपर या ब्रिटिश कंपनीला उत्पादनाचा परवाना नाकारण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये लवादाने इटलीला सुमारे १९ कोटी युरो व त्यावरील व्याज देण्याचा आदेश दिला. कंपनीने प्रत्यक्ष खर्च किती केला यावर ही रक्कम बेतलेली नव्हती. पुढे जे तेल निघाले असते, त्याच्या संभाव्य नफ्यावरून ती काढली होती! इटली २०१६ मध्येच ऊर्जा सनद करारातून बाहेर पडली होती. तथापि बाहेर पडल्यानंतरही जुन्या गुंतवणुकीला वीस वर्षे संरक्षण राहील, अशी त्या करारात तरतूद आहे. जून २०२५ मध्ये हा निवाडा रद्द झाला खरा, परंतु तो एका लवादाने स्वतःविषयीची माहिती उघड न केल्याच्या कारणावरून. इटलीची बाजू न्याय्य ठरली, असा त्याचा अर्थ नव्हे.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली असता एक भेद स्पष्ट होतो. क्वेबेकमध्ये परवाना केवळ शोधाचा होता. इटलीत शोध संपून कंपनी उत्पादनाच्या उंबरठ्यावर आली होती आणि शासनाने अनेक वर्षे धरसोड केली होती. दुसऱ्याच्या शेतात विहिरीसाठी पाणी शोधण्याची मुभा मिळालेला मनुष्य त्या विहिरीचा धनी होत नाही. परंतु मालकानेच त्याला बोलावून खोदकामास लावले असेल, तर त्याची मजुरी बुडविणेही न्यायाचे नाही.

क्वेबेकने पुढे हाच विवेक दाखविला. तेल व वायूचा शोध सबंध प्रांतात थांबविणारा कायदा २०२२ मध्ये झाला, तेव्हा सरकारने दहा कोटी डॉलरची तरतूद केली. ती शोधकामावरील खर्चाच्या परतफेडीसाठी आणि जुन्या विहिरी बुजविण्यासाठी होती. न निघालेल्या वायूच्या किमतीसाठी नव्हे. कंपन्यांना ती अपुरी वाटली आणि त्या न्यायालयात गेल्या. तरीही तत्त्व योग्यच म्हणावे लागेल.

आपल्या देशातही याच धर्तीची तरतूद आहे. खाणी व खनिजे कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन लिलावाची पद्धत आली, तेव्हा आधी पूर्वेक्षण केलेल्यांचा खाणपट्टा मिळण्याचा हक्क राखून ठेवण्यात आला होता. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने तो हक्क संपुष्टात आला आणि पूर्वेक्षणावर झालेला खर्च परत देण्याची तरतूद झाली. म्हणजे आपल्या संसदेनेही आशेचे मोल न देता श्रमाचे मोल देण्याचा मार्ग पत्करला. परदेशी गुंतवणूकदारांशी केलेले अनेक जुने करारही भारताने २०१६ नंतर मोडीत काढले. नवे करार करताना त्यांतील शब्द संसदेचे हात बांधणार नाहीत, याची दक्षता घेणे अगत्याचे आहे.

भूमी, पाणी व भूगर्भातील ठेवा ही भावी पिढ्यांचीही मालमत्ता आहे. तिचे रक्षण करण्यासाठी कायदा बदलण्याचा लोकप्रतिनिधींचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे. परंतु या अधिकाराबरोबर कर्तव्यही येते. आधी परवाने वाटायचे आणि नंतर परिणामांचा अभ्यास करायचा, हा उलटा क्रम शासनाला महाग पडतो. परवाना देण्यापूर्वीच अभ्यास व्हावा, स्थानिकांचे म्हणणे ऐकले जावे आणि निर्णय बदलावा लागल्यास कारणे उघडपणे मांडून प्रामाणिक खर्च फेडावा. इतके केले, तर भरपाईच्या धमकीला घाबरून नद्या व किनारे पणाला लावण्याची वेळ कोणत्याही शासनावर येणार नाही.