पुष्पक विमानाचा मेकॅनिक कोण होता?

दर महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या मोबाईलवर एक मेसेज न चुकता येऊन आदळतो. मजकूर ठरलेला. राइट बंधूंच्या हजारो वर्षे आधी आपल्याकडे विमाने होती, सगळे ज्ञान ग्रंथांत होते, परक्यांनी ते पळवले. हे काही फक्त व्हॉट्सअॅपवरच्या रिकामटेकड्यांचे काम नाही. जानेवारी 2015 मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येही प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला दिला जातो, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहवून घेतलेला आहे आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच काढला होता. तरी मेसेज काही थांबले नाहीत.

म्हणून आम्ही आता एकच प्रश्न विचारतो. पुष्पक विमानाचा मेकॅनिक कोण होता?

त्याचे तेल कोण बदलत होते? झिजलेला भाग कोण काढत होते आणि नवा कोण बसवत होते? कोणी म्हणेल, ते विश्वकर्म्याने घडवले. ठीक आहे, घडवले. पुढे त्याची देखभाल कोण करत होते? कथेत देव आहेत, राजे आहेत. हाताला काळे लागलेला, रात्रपाळी करणारा माणूस कुठेच नाही. जे यंत्र कधी बिघडत नाही, ते कधी नव्हतेच. पुराणातली वांगी पुराणातच राहू द्या.

खऱ्या विमानाच्या इतिहासात मात्र हा माणूस पहिल्या दिवसापासून हजर आहे. 1903 साली राइट बंधूंचे जे विमान उडाले, त्याचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने साधारण सहा आठवड्यांत घडवले. म्हातारपणी हाच टेलर इस्पितळाच्या धर्मादाय वॉर्डात आढळला. हाताची किंमत विसरण्याचा मक्ता फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. जेट इंजिनाच्या जनकांपैकी एक, फ्रँक व्हिटल, हाही इंग्लंडमधल्या एका मेकॅनिकचा मुलगा. हवाई दलात तो शिकाऊ कामगार म्हणून शिरला. 1930 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पण सरकारी खात्याने रस घेतला नाही. 1935 मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरणे त्याला परवडेना, सरकारनेही भरले नाहीत आणि पेटंट हातचे गेले. तरीही 1937 मध्ये त्याचे इंजिन सुरू झालेच. प्रस्थापितांनी दार लावले म्हणून बुद्धी थांबत नाही, हे आम्हाला कोणी नव्याने सांगायला नको.

आता हे इंजिन चालते कसे ते समजून घेऊ. नुसत्या टिंगलीने वाद जिंकता येतो, समाज पुढे जात नाही. विमानाच्या पंखाखाली जे मोठे इंजिन दिसते, त्याच्या तोंडाशी असलेला पंखा हवा आत ओढतो. त्यातली बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून मागे फेकली जाते आणि विमानाला पुढे ढकलण्याचे बहुतेक काम तीच करते. उरलेली हवा गाभ्यात शिरते. तिथे कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या रांगा तिला दाबत नेतात. मग तिच्यात इंधन फवारून पेटवले जाते आणि तापलेला वायू टर्बाइनची पाती फिरवत मागून बाहेर पडतो. हेच टर्बाइन दांड्याच्या साहाय्याने पुढचा पंखा आणि कॉम्प्रेसर फिरवते. जगभर वापरल्या जाणाऱ्या सीएफएम-56 इंजिनाचा पंखा मिनिटाला सुमारे 5,000 फेरे घेतो, गाभा 15,000 च्या आसपास. टर्बाइनवर येणारा वायू इतका तापलेला असतो की पात्याचा धातू वितळून जावा. तो वितळत नाही, कारण पाते आतून पोकळ असते आणि त्याच्या बारीक भोकांतून त्या मानाने थंड हवा सतत वाहत राहते. यात मंत्र कुठेही नाही.

रात्री शेवटचे विमान उतरते, प्रवासी घरी जातात आणि मेकॅनिकची पाळी सुरू होते. टॉर्च धरून तो पंख्याचे एकेक पाते तपासतो. पक्षी किंवा धावपट्टीवरचा खडा लागून खाच पडली आहे का, ते पाहतो. तेलाच्या मार्गातला चुंबकीय प्लग काढून त्याला धातूचा चुरा चिकटला आहे का बघतो, कारण बेअरिंग झिजू लागले की पहिली खबर तिथेच मिळते. बोरोस्कोप नावाची कॅमेऱ्याची नळी आत घालून, इंजिन न उघडता आतली पाती न्याहाळतो. खाच ठरलेल्या मर्यादेत असेल तर घासून गुळगुळीत करतो, नसेल तर पाते बदलतो. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तो टॉर्क पान्यावर मोजूनच आवळायचा असतो. पाती ज्या चकत्यांवर बसवतात त्यांचे आयुष्य उड्डाणांत मोजलेले असते. संख्या भरली की चकती कितीही चकचकीत दिसो, ती बाद. काम संपले की हत्यारांची मोजदाद होते. शेवटी परवानाधारक इंजिनिअर, म्हणजे आपल्याकडे डीजीसीएचा परवाना मिळवलेला एएमई, सही करतो. त्या सहीशिवाय विमान जमिनीवरून हलत नाही.

मित्रांनो, या सहीकडे नीट बघा. तिथे 'आमचे पूर्वज सांगून गेले' हे उत्तर चालत नाही. पाहिले, मोजले, लिहिले आणि जबाबदारी घेतली, एवढेच चालते. आणि ते मॅन्युअल अपौरुषेय नाही. अपघात झाला, चूक सापडली, की त्यात दुरुस्ती होते.

हाताकडे आणि नियमाकडे दुर्लक्ष केले की काय होते, तेही पाहा. 25 मे 1979 रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाचे डावे इंजिन उड्डाण करतानाच निखळून पडले. विमानातले 271 आणि जमिनीवरचे 2, असे 273 जण गेले. इंजिनात दोष नव्हता. सुमारे दोन महिन्यांपूर्वी देखभालीत ते उतरवले गेले होते. निर्मात्याची पद्धत अशी, की आधी इंजिन काढायचे, मग ते ज्याला टांगलेले असते तो खांब. कंपनीने दोन्ही एकत्र फोर्कलिफ्टवर उतरवण्याची पद्धत आणली. त्यात दर विमानामागे सुमारे 200 मनुष्यतास वाचत होते. या खटाटोपात खांबाच्या जोडाला तडा गेला आणि तो वाढत राहिला. दुसऱ्या एका विमान कंपनीत असेच तडे आधी सापडले होते. ती देखभालीतली चूक ठरवून दुरुस्ती झाली आणि विषय मिटला. इशारा इतरांपर्यंत पोहोचलाच नाही. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने ती पद्धत ठरवली नव्हती. पण 'मेकॅनिकची चूक' असा शिक्का मारला की वरच्यांची झोप मोडत नाही.

आता आपल्या घरात या. 16 डिसेंबर 2015 रोजी मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलले जात असताना एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला आणि मेला. दोन दिवस बातमी चालली. वैमानिकाचा गणवेश, हवाई सुंदरीचे हास्य जाहिरातीत झळकते. विमान धड ठेवणारा माणूस जाहिरातीत दिसत नाही, तो दिसतो अपघाताच्या बातमीत. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिभेद निर्मूलन'मध्ये हेच दुखणे दाखवले. ज्या कामाला समाज हीन ठरवतो, त्यात माणसाचे मन आणि बुद्धी रमणार कशी? बुद्धी एका जातीकडे, हात दुसऱ्या जातीकडे, अशी वाटणी करणाऱ्या देशाला इंजिने बाहेरून आणावी लागली, तर नवल कसले? आपल्या तेजस लढाऊ विमानातले इंजिनही अमेरिकी जीई कंपनीचे आहे.

आमचेच काही कार्यकर्ते इथे हरकत घेतील. पिढ्यानपिढ्या हातकामच केले, पोरांना पुन्हा पाना धरायला का लावता? हरकत खरी आहे, तिला उत्तर दिलेच पाहिजे. आपल्यावर जे काम लादले गेले त्यात पुस्तक नव्हते, निवड नव्हती, मोबदला नव्हता आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क नव्हता. एएमईच्या एका हातात पाना असतो, दुसऱ्या हातात पेन. विमान सुरक्षित नसेल तर सही नाकारणे हे त्याचे कर्तव्यच आहे, मग समोर कंपनीचा मालक का उभा असेना. वाटणी मोडणे म्हणजे हात सोडून देणे नाही. हात आणि बुद्धी एकाच माणसाकडे परत आणणे म्हणजे वाटणी मोडणे.

दीक्षाभूमीच्या नागपुरात, मिहानमध्ये, बोइंगने उभारलेली विमानदुरुस्तीची कार्यशाळा आहे. आपल्या वस्तीत बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेली मुले-मुली आहेत. त्यांपैकी कितींना एएमई हा शब्द माहीत आहे? म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. या अभ्यासक्रमाच्या जबर फीसाठी पूर्ण शिष्यवृत्ती द्या. कंत्राटावर राबणाऱ्या तंत्रज्ञाला कायम नोकरी, पुरेशी विश्रांती आणि परवान्यापर्यंत जाणारी वाट द्या. शंका बोलून दाखवणाऱ्या हाताला शिक्षा नको, संरक्षण द्या.

आणि पुढचा मेसेज आला की चिडू नका. मेकॅनिकचे नाव विचारा आणि वाट बघा. तोवर आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलीला परवान्याच्या परीक्षेला बसवा.