अंबरनाथचें शिवालय आणि हेमाडपंत

जुनें दगडी देऊळ दिसलें कीं आपण चटकन् म्हणतों, 'हें हेमाडपंती.' अंबरनाथच्या शिवालयाविषयीं एका गृहस्थांनीं आपल्या मुलाला असेंच सांगितलेलें आम्हीं ऐकलें. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, 'छे, पांडवांनीं एका रात्रींत बांधलें!'

दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हेत. देवळांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यांत शिलाहार राजा मम्वाणि याचें नांव आहे. हेमाद्रि ज्या महादेव यादवाच्या पदरीं मंत्री होता, तो देवगिरीच्या गादीवर आला इ. स. १२६० च्या सुमारास. मधलीं दोनशें वर्षें आपण सहज पुसून टाकतों!

देऊळ नीट पाहिलें तर हा अन्याय अधिकच जाणवतो. बाहेरची भिंत सपाट नाहीं. कोनाकोनांनीं आंतबाहेर होत जाते, त्यामुळें ऊन फिरेल तशा देवता व सुरसुंदरी छायेंतून प्रकाशांत येतात. शिखर भूमिज पद्धतीचें. चार बाजूंच्या उभ्या पट्ट्यांमध्यें चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत जातात. माथा आज नाहीं. सभामंडपांतून मात्र पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. शिखर वर चढतें, भक्त खालीं उतरतो.

पणजोबांनीं बांधलेल्या वाड्याचें श्रेय नातवंडांस देणें जसें अनुचित, तसेंच हें. मुलांना तेथें न्याल तेव्हां दर्शनाबरोबर बाहेरच्या भिंतीभोंवतीं एक सावकाश प्रदक्षिणा घाला, आणि शके ९८२ हा आंकडा त्यांना अवश्य सांगा.