पाहुण्या परततील, पण दार उघडे राहील काय?

जागतिक क्रमवारीतील अग्रगण्य महिला स्क्वॉशपटू प्रदर्शनीय सामन्यांच्या दौऱ्यावर आल्या, की यजमान शहरात दोन-तीन दिवस मोठे उत्साहाचे वातावरण असते. स्वागत होते, पुष्पगुच्छ दिले जातात, मान्यवरांची भाषणे होतात. सायंकाळी सामना रंगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसाठी तासाभराचे प्रशिक्षण होते आणि त्याचे छायाचित्र वृत्तपत्राच्या क्रीडापानावर झळकते. त्यानंतर पाहुण्या पुढच्या शहरी रवाना होतात. या सोहळ्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पाहुण्या गेल्यावर मागे काय उरते?

काही वर्षांपूर्वी असाच एक सामना पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. स्थळ होते एक जुना, प्रतिष्ठित क्लब. आयोजकांनी जवळच्या पालिकेच्या शाळेतील तीस-चाळीस मुलींना आवर्जून बोलावले होते. भिंतीवर आदळणाऱ्या चेंडूचा तो कोरडा आवाज, कोपऱ्यातला अशक्य वाटणारा चेंडू परतवणारी खेळाडूची झेप, हे सारे पाहून मुली भारावून गेल्या. बसकडे परतताना त्यांतील एकीने विचारले, "बाई, आपण इथे खेळायला कधी यायचं?" बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण उत्तर दिले नाही. कारण प्रवेशद्वारावर पाटी होती, 'केवळ सभासदांसाठी'.

अशा दौऱ्यांची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना स्क्वॉशला प्रदर्शनीय सामन्यांची गरज इतर खेळांहून अधिक आहे. हा चार भिंतींच्या आत खेळला जाणारा खेळ. ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद अशा बंदिस्त जागेत काय चालले आहे, हे वर्षानुवर्षे सज्ज्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या मूठभरांनाच दिसत असे. ऑस्ट्रेलियाच्या हीदर मॅके यांनी १९६२ ते १९७७ अशी सलग १६ वर्षे ब्रिटिश ओपन जिंकली. पराक्रम असा अद्वितीय, परंतु तो प्रत्यक्ष पाहिलेले लोक किती अल्प असतील! पुढे काचेच्या भिंती आल्या आणि खेळ सर्वांसमोर आला. महिला खेळाडूंच्या व्यावसायिक संघटनेने प्रचारदौरे काढले, तेही खेळ लोकांपर्यंत नेण्यासाठीच.

प्रदर्शनाचे सामर्थ्य पाहावयाचे असेल, तर इजिप्तकडे पाहावे. १९९६ साली गिझाच्या पिरॅमिडसमोर काचेचे कोर्ट उभारून स्पर्धा भरविण्यात आली. अहमद बराडा हा तरुण स्थानिक खेळाडू अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तेथे तो पाकिस्तानच्या जानशेर खानकडून पराभूत झाला, तथापि त्या पराभवाने एक पिढी जागी केली. २०१५ साली रनीम अल वेलिली ही जागतिक क्रमवारीत प्रथम स्थान मिळविणारी पहिली इजिप्शियन महिला ठरली, तर अलेक्झांड्रियाच्या नूर अल शेरबिनीने २०२५ साली आठवे जगज्जेतेपद पटकावले. मात्र हे केवळ पिरॅमिडसमोरच्या झगमगाटामुळे घडले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कैरो आणि अलेक्झांड्रिया येथील क्लबांत सभासदत्व संपूर्ण कुटुंबाचे असते. तेथे सात-आठ वर्षांच्या मुली जगज्जेत्यांच्या शेजारच्या कोर्टवर सराव करीत मोठ्या होतात. प्रदर्शनाने ओढ निर्माण केली आणि ती ओढ घेऊन आलेल्या मुलीला आत खेळायला जागा मिळाली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून चमत्कार घडला.

मलेशियाच्या निकोल डेव्हिडचे उदाहरणही उद्बोधक आहे. पेनांगमध्ये १९८३ साली जन्मलेली ही खेळाडू पित्याकडून भारतीय वंशाची. तिने आठ वेळा जगज्जेतेपद मिळविले आणि २००६ ते २०१५ या काळात सलग १०८ महिने प्रथम क्रमांक राखला. तिला ऑलिम्पिक पदकाची संधी मात्र कधीच मिळाली नाही, कारण स्क्वॉशला तेथे प्रवेशच नव्हता. २०१९ साली निवृत्त झाल्यानंतर सत्कार स्वीकारीत हिंडणे तिला सहज शक्य होते. परंतु २०२२ साली तिने क्वालालंपूरमध्ये एक संस्था उभारली. अल्प उत्पन्न गटातील मुलांना तेथे स्क्वॉश आणि इंग्रजी शिकविले जाते. आपल्यासाठी उघडलेले दार इतरांसाठी उघडे ठेवणे, हे ऋण तिने मानले.

आता आपल्याकडे वळू. भारतात स्क्वॉश आला तो लष्करी छावण्या आणि साहेबांच्या क्लबांतून. अलवरच्या राजघराण्यातील भुवनेश्वरीकुमारी यांनी १९७७ ते १९९२ अशी सलग १६ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. परंतु त्या काळी सामान्य घरातील मुलीस रॅकेट हाती धरण्याची संधी कितीशी होती? चित्र पालटू लागले, ते २००० साली चेन्नईत भारतीय स्क्वॉश अकादमी उभी राहिल्यानंतर. जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लिकल यांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. २०१९ साली पुण्यात जोश्नाने सतरावे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून भुवनेश्वरीकुमारींचा विक्रम मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत भारताने विश्वचषक जिंकला, त्या संघात ३९ वर्षांची जोश्ना आणि १७ वर्षांची अनाहत सिंग एकत्र खेळल्या. परंपरा निर्माण होते ती अशी.

येथे दीपिकाच्या बाणेदारपणाचाही उल्लेख अगत्याचा आहे. २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष विजेत्यास १ लाख २० हजार, तर महिला विजेतीस ५० हजार रुपये पारितोषिक होते. दीपिका अनेक वर्षे या स्पर्धेपासून दूर राहिली. २०१६ साली रक्कम समान झाली, तेव्हा ती परतली आणि विजेतीही ठरली. मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावरून करणे सोपे असते. तो पारितोषिकाच्या धनादेशावर आणि कोर्टच्या वेळापत्रकात दिसला पाहिजे.

काही वाचक म्हणतील, खो-खो, कबड्डी, मल्लखांब असताना या परक्या, श्रीमंती खेळाचे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु खेळ कोणाचा, हे अखेर खेळणारे ठरवितात. बॅडमिंटनचे आरंभीचे नियम इंग्रजांनी पुण्याच्या छावणीत १८७० च्या दशकात बांधले. आज साईना आणि सिंधू यांच्या देशात त्या खेळाला परका कोण म्हणेल? शिवाय एका टेनिस कोर्टच्या क्षेत्रफळात स्क्वॉशची चार कोर्टे मावतात आणि छताखाली असल्याने आपल्या पावसाळ्यातही खेळ थांबत नाही. दाट वस्तीच्या शहरांना याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही. तो श्रीमंती राहिला आहे तो कुलपामुळे.

म्हणून दौऱ्याच्या आयोजकांपुढे काही अपेक्षा ठेवाव्याशा वाटतात. क्लबांचे सभासद प्रायः सकाळी आणि सायंकाळी खेळतात, दुपारी कोर्टे रिकामी असतात. आठवड्यातून किमान दोन दुपारी ती जवळच्या शाळांतील मुलींसाठी खुली करावीत. पाहुण्या खेळाडूंनी तासभर मुलांना शिकविण्यापेक्षा दोन दिवस स्थानिक शारीरिक शिक्षण शिक्षिकांना शिकवावे, कारण त्या येथेच राहणार आहेत. प्रायोजकांनी फलकांवरील खर्चातून थोडी बचत करून रॅकेटी, चेंडू आणि डोळ्यांचे संरक्षक चष्मे शाळेला द्यावेत. मुलीच्या सुरक्षित जाण्या-येण्याची व्यवस्थाही हवी. अनेक घरांत मुलीचा खेळ सुटतो तो आवड संपल्यामुळे नव्हे, तर ती एकटी घरी कशी येईल, या चिंतेमुळे. येथे आपल्या कार्यकर्त्यांना आणि पालकांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. क्लबाच्या सचिवांना एक पत्र लिहावे, शाळेशी गाठ घालून द्यावी, आळीपाळीने मुलींसोबत जावे. यास मोठा निधी लागत नाही.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात स्क्वॉशला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी प्रवेश मिळाला. निकोलच्या पिढीला जे लाभले नाही, ते आजच्या मुलींना लाभणार आहे, आणि तो निर्णय आपल्याच भूमीवर झाला. या निमित्ताने जागतिक खेळाडूंचे दौरे वाढतील, ते वाढावेत आणि आपण त्यांचे मनःपूर्वक स्वागत करावे. परंतु पुढच्या वेळी सामना संपल्यावर एखादी मुलगी आपल्या बाईंना तोच प्रश्न विचारील, तेव्हा "येत्या मंगळवारी दुपारी" असे उत्तर त्यांना देता आले पाहिजे. त्याची तजवीज पाहुण्या येण्यापूर्वीच करावी लागेल, आणि ती आपल्यालाच करावी लागेल.