पाणी माणशी, एकरी नाही

नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, असं कळलं की तुमच्या घरात काय होतं? पिंपं, बादल्या, घागरी भरून ठेवल्या जातात. मग आई बजावते, "आंघोळीला प्रत्येकी एकच बादली!" ज्याची खोली मोठी त्याला दोन बादल्या, असं कुणी म्हणत नाही. घरात पाणी माणशी वाटलं जातं.

शेतात मात्र उलटं चालतं. ज्याची जमीन जास्त, विहीर खोल आणि मोटार मोठी, त्याचं पाणीही जास्त. ज्याला जमीनच नाही, त्याला काहीच नाही.

घरातला हा साधा न्याय गावाला लावून पाहिला विलासराव साळुंखे यांनी. ते पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातले हाल त्यांनी पाहिले. पुढे नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कसायला घेऊन तिथे पाणी अडवलं, जिरवलं. त्यातूनच 'पाणी पंचायत' उभी राहिली.

तिचे नियम वाचा आणि आपल्याला जमले असते का, ते मनाशी ठरवा.

• योजना एकट्याची नाही, गटाची.
• माणशी अर्धा एकर भिजेल इतकंच पाणी. कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही.
• भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.
• जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.
• खर्चाचा काही भाग शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा.
• ऊस लावायचा नाही.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड. ऊस म्हणजे हातात रोख पैसा. तो सोडायला कोण तयार होईल? पण एका एकर उसाच्या पाण्यात कितीतरी एकर ज्वारी पिकते. एकाने ऊस लावला, की चार शेजाऱ्यांची रानं कोरडी राहतात. हा हिशेब सगळ्यांसमोर मांडला गेला, म्हणून लोकांनी तो मानला. पाणी सोडायला गटाचा पाटकरी असतो. कुणाची पाळी कधी, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे चोरून पाणी घेणं सोपं राहत नाही.

म्हणजे तिथली माणसं आपल्यापेक्षा फार थोर होती, असं नाही. त्यांनी नियम स्वतः केला, तो सगळ्यांना सारखा लावला आणि पाळला जातोय का, यावर लक्ष ठेवलं. बस्स.

तुम्ही दिल्लीत असा, बंगळुरूत असा की नागपुरात, उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतोच. त्याचं पाणी तुमच्याकडे कसं वाटलं जातं? फ्लॅटच्या आकारावर, की घरातल्या माणसांवर? आणि गाड्या धुण्यावर कुणाचं लक्ष आहे का? पुढच्या मीटिंगला एवढं विचारून बघा. सुरुवातीला थोडी कुरकुर होईल, पण टाकी सगळ्यांची आहे ना?