तेराव्यानंतर बोलायचं कुणाशी?

घरात मृत्यू झाला की पहिले काही दिवस माणसाला एकटं राहायला सवडच मिळत नाही. शेजारच्या घरून पिठलं-भाताचं पातेलं येतं, भावकी गोळा होते, समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. दहावा होतो, तेरावा होतो आणि पाहुणे आपापल्या गावी परततात. मग मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेतली वारसनोंद, पेन्शनचे अर्ज यांचे दिवस येतात. कामावर रुजू झालेल्या माणसाशी सहकारी आठवडाभर जपून बोलतात, पुढे तेही थांबतं. अनेकांचं दुःख खऱ्या अर्थानं इथूनच सुरू होतं आणि नेमकं त्याच वेळी ऐकायला कुणी उरलेलं नसतं.

अशा महिन्यांत कितीतरी माणसं रात्री उशिरा फोन हातात घेऊन ऑनलाइन समुपदेशक शोधू लागतात. करोनाच्या काळात हा शोध एकदम वाढला आणि त्याला कारणही तसंच होतं. अधिकृत नोंदींनुसार महाराष्ट्रात या साथीनं 1 लाख 48 हजारांहून अधिक बळी घेतले. 2020 च्या टाळेबंदीत अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा होती. कित्येक मुलांनी आईवडिलांचा अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिला. दहाव्या-तेराव्याला घर भरलंच नाही. शतकानुशतकं जी व्यवस्था दुःखाला हात देत आली, तीच त्या दोन वर्षांत बंद पडली होती. फोनच्या पडद्यावर कुणाशी तरी मनातलं बोलण्याची सवय त्या काळात लागली, ती नंतरही टिकली.

दुःख हा आजार नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. बहुतेक माणसं घरच्यांच्या, मित्रांच्या आधारानं आणि काळाच्या ओघात पुन्हा उभी राहतात. त्यांना उपचारांची गरज पडत नाही. काहींचं मात्र तसं होत नाही. तीव्र ओढ कमी होत नाही, मृत्यू झाला हे मन मानत नाही, रोजचं जगणं अडून बसतं. या अवस्थेला वैद्यकशास्त्रानं आता स्वतंत्र स्थान दिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी वर्गवारी जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचा समावेश आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच वर्षी सुधारित निकष काढले, त्यांत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे. म्हणजे वर्षश्राद्ध उलटून गेल्यावरही माणूस पहिल्या दिवसाइतकाच मोडलेला असेल, तर ‘इतके दिवस झाले, आता सावर’ असं सांगून भागणार नाही. अर्थात, बोलावंसं वाटणाऱ्यानं बारा महिने थांबण्याचंही कारण नाही. आधार मागायला निदान लागत नाही.

शोधायला बसलं की पहिली अडचण येते ती पाट्यांची. ‘थेरपिस्ट’, ‘काउन्सेलर’, ‘हीलर’, ‘ग्रीफ कोच’ हे सगळे एकाच यादीत दिसतात. त्यांतला फरक कळायला हवा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, एमबीबीएसनंतर त्यानं या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं असतं आणि तो औषधं लिहून देऊ शकतो. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली काढली, तेव्हापासून तो दूरस्थ तपासणीही नियमांच्या चौकटीत करू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती नोंद पडताळून पाहता येते. समुपदेशकांची बहुधा मानसशास्त्रातली किंवा समुपदेशनातली एम.ए. वा तत्सम पदवी असते. त्यांच्यासाठी देशपातळीवरच्या नोंदणीची तरतूद 2021 च्या कायद्यानं झाली, पण तिची घडी अजून बसायची आहे. त्यामुळे आज तरी पदवी, विद्यापीठ आणि प्रशिक्षण विचारून घेण्याची जबाबदारी मदत मागणाऱ्यावरच येते. हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. जाणता समुपदेशक या प्रश्नांची उत्तरं आनंदानं देतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाऊ नये.

सुरुवात कुठून करावी? सर्वांत जवळचा आणि फुकटचा दरवाजा म्हणजे ‘टेली-मानस’. 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं ही सेवा सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था. 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. गरज पडली तर पलीकडचा समुपदेशक पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 2012 मध्ये मुंबईत ‘आयकॉल’ सुरू केलं. तिथं प्रशिक्षित समुपदेशक फोन आणि ईमेलवरून बोलतात. फोनवर आवाज फुटत नाही अशा माणसाला लिहून बोलण्याची ही सोय फार मोलाची ठरते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये उभी केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. खासगी समुपदेशकांची फी शहर आणि अनुभवाप्रमाणे बरीच बदलते. मात्र ऐपतीप्रमाणे फी कमी करणारे समुपदेशकही असतात. विचारल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून विचारावं.

पहिल्या फोनवर पदवीइतकेच महत्त्वाचे आणखी दोन प्रश्न आहेत. मृत्यूच्या दुःखात असलेल्या माणसांसोबत तुम्ही काम केलंय का? आणि मराठीत बोलता येईल का? शिक्षण इंग्रजीत झालेली, नोकरी इंग्रजीत करणारी माणसंही आईबद्दल बोलताना मराठीत येतात. सुतक, पिंडाला न शिवलेला कावळा, बांगड्या आणि कुंकवावरून झालेली वादावादी, सासरचं गप्प बसणं, हे ज्याला आधी समजावून सांगावं लागत नाही, त्याच्याशी पहिल्याच भेटीत कामाचं बोलणं होतं. ऑनलाइनचा खरा फायदा हाच. गडचिरोलीत किंवा बार्शीत राहणाऱ्या माणसाला पुण्यातला मराठी समुपदेशक मिळू शकतो. निम्हान्सनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांतले 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना राहतात असं आढळलं होतं. तज्ज्ञ मोजके आणि तेही शहरांत गोळा झालेले, अशा देशात फोनची तार हा चैनीचा विषय राहत नाही.

समोरचा समुपदेशक नेमकं काय करतो, याबद्दल लोकांच्या मनात पुष्कळ धूसरपणा असतो. दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ अनेकांनी ऐकलेल्या असतात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या, पण मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख त्या क्रमानं चालतंच असं नाही. त्यामुळे ‘मला अजून राग आला नाही, माझं काही चुकतंय का’ अशी धास्ती बाळगायला नको. 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी वेगळं चित्र मांडलं. माणूस काही वेळ गमावलेल्यात बुडतो, काही वेळ पुढच्या आयुष्याची कामं करतो आणि या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालतो. सकाळी रडून दुपारी मुलांच्या फीचं बघणारी बाई काही कठोर नसते. ती सावरण्याचं काम करत असते.

दुःख अडकून पडलेल्यांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी सोळा भेटींची एक पद्धत बसवली. गेलेल्या माणसाच्या मृत्यूची हकीकत पुन्हा पुन्हा सांगणं, टाळलेल्या जागा आणि वस्तूंकडे हळूहळू परत जाणं, मनातल्या मनात त्या माणसाशी बोलणं आणि सोबतच पुढच्या आयुष्याचे बेत करणं, असा तिचा आराखडा आहे. 2005 च्या अभ्यासात या पद्धतीनं 51 टक्के लोकांना फरक पडला, तर नैराश्यासाठीच्या नेहमीच्या एका मानसोपचारानं 28 टक्क्यांना. त्यांच्याच 2016 च्या अभ्यासात नैराश्यावरच्या गोळीनं शोकाची लक्षणं विशेष कमी झाली नाहीत. नैराश्य असेल तर गोळी उपयोगी पडते, दुःखावर मात्र बोलणंच कामी आलं. हे काम दुरूनही होतं का? बिर्गिट वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये इंटरनेटवरून पाच आठवड्यांचा उपचार करून पाहिला. आठवड्यातून दोनदा पाऊण तास लिहायचं आणि थेरपिस्टनं लेखी उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं स्वरूप. प्रतीक्षायादीतल्या लोकांच्या तुलनेत या लोकांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली.

खासगीपणाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपल्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरीही ॲप निवडताना सावध राहायला हवं. अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ या बड्या कंपनीनं ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 2023 मध्ये ठेवला आणि कंपनीला 78 लाख डॉलर भरावे लागले. आपली माहिती कुठं साठवली जाते, संभाषण ध्वनिमुद्रित होतं का, हे आधीच विचारावं. दुसरी अडचण घरातली. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई पलीकडे बसलेल्या असताना नवऱ्याच्या मृत्यूबद्दल मोकळं कसं बोलणार? लोक गच्चीवर जातात, उभ्या गाडीत बसतात, मैत्रिणीच्या घरी जातात. अशी जागा मिळतच नसेल तर लेखी समुपदेशनाचा पर्याय निवडावा.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात बसला आहे, त्या राज्याचा परवाना सहसा थेरपिस्टकडे असावा लागतो. मराठी बोलणारा कुणी भारतातून ऐकणार असेल, तर आणीबाणीत स्थानिक मदत कुणाकडून घ्यायची हे दोघांनी पहिल्याच भेटीत ठरवून टाकावं. चांगला समुपदेशक तुमचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा क्रमांक मागतो, तो याचसाठी. त्याचा संशय घेऊ नये.

आणि एक मर्यादा सगळ्यांनी पाळायलाच हवी. आपणही जावं असे विचार मनात घोळत असतील, जेवणखाण सुटलं असेल, दारूचं प्रमाण वाढत चाललं असेल, तर पडद्यावरच्या भेटीची वाट पाहत बसू नये. घरच्यांनी त्या माणसाला एकटं न सोडता थेट रुग्णालयात न्यावं.

तीन-चार भेटींनंतरही सूर जुळत नसेल तर समुपदेशक बदलावा, तसं सांगायला संकोच करू नये. पण मुळात हे सगळं शोधायचं कुणी? ज्याला सकाळी उठून चहा करणंही जड जातंय, त्यानं पदव्या तपासाव्यात, पाच जणांना फोन करावेत, फी विचारावी, ही अपेक्षाच निर्दयी आहे. ते काम इतरांनी उचलावं. दहाव्याचा स्वयंपाक, गुरुजी, नदीवर जायची गाडी ही कामं आपण वाटून घेतोच. त्याच हिशेबात भावानं, वहिनीनं, शेजारच्या मित्रानं हेही घ्यावं. दोन-तीन नावं, त्यांच्या वेळा आणि फी एका कागदावर लिहून ‘वाटेल तेव्हा फोन कर, पहिला फोन मी लावून देतो’ एवढं सांगावं. तुमच्या ओळखीत गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर या रविवारी तेवढं कराच.